पहिली रात्र दंडाची, दुसरी रात्र गोळीची

*ताई, सप्रेम नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. आमचे हे ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. अंगानं पहिल्यापासून काटकुळे, तरी १४ वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी आणि रात्री जेवणाआधी घेतात. मागच्या वेळी तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.१ आली होती.*

*गणपतीला मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं यांच्या डाव्या दंडाला शुगर दाखवणारा सेन्सर लावला. आकडा यांच्या मोबाइलवर दिसतो आणि मुलाच्याही. पहिल्याच रात्री अलार्म वाजला, ६४ दाखवलं. बोट टोचून बघितलं तर ९२. यांना काहीच होत नव्हतं. गौरीजेवणाच्या दिवशी हे दुसरी पुरणपोळी घेत होते आणि मुलगा भरल्या पंगतीत म्हणाला, ‘बाबा, दोनशे अडतीस!’ त्या दिवसापासून यांनी रात्रीची भाकरी सोडली. नुसती भाजी आणि ताक. मुलगा परत गेला, पण दिवसातून चार-पाच फोन येतात, आता काय खाल्लं म्हणून.*

*नवव्या रात्री पावणेतीनला पुन्हा अलार्म, ५८. या वेळी हे घामानं भिजले होते, हात थरथरत होते. मी साखरेचं सरबत दिलं. आकडा हलेना म्हणून घाबरून दोन रव्याचे लाडू आणि पेलाभर दूध दिलं. सकाळी २४३. मुलगा फोनवर यांच्यावर ओरडला. तेव्हापासून हे कुणाशी नीट बोलत नाहीत, ‘ओढून टाकतो हे’ म्हणतात. अजून तीन दिवस बाकी आहेत. मुलानं अहवाल पाठवलाय: ७० ते १८० मध्ये ५२ टक्के, ७० च्या खाली ५ टक्के, बाकी सगळं वर.*

*यंत्र खरं की खोटं? बिनसाखरेचा चहा आणि पोहे खाऊन २१० कसं होतं? पुढचा सेन्सर पाच हजारांचा आहे, घ्यायचा का? पुतण्या म्हणतो, न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ मिळतं. काय करू?*

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न थांबू शकतात, नवव्या रात्रीचा थांबू शकत नाही. म्हणून आधी तेवढंच. आज रात्रीपासून यांना पूर्वीसारखी भाकरी वाढा, आणि उद्या सकाळी दवाखाना उघडला की डॉक्टरांना फोन करा. त्यांना तीनच गोष्टी सांगा: रात्रीची भाकरी बंद केली होती, गोळी तेवढीच चालू होती, आणि पहाटे पावणेतीनला घाम आणि थरथर होऊन ५८ दिसलं. तेवढ्यावरून त्यांना पुढचं कळेल. गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका किंवा अर्धी करू नका. पण भाकरी बंद आणि गोळी चालू, असंही एकही रात्र होऊ देऊ नका.

असं का, ते सांगते. यांच्या गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं मेटफॉर्मिन एकटं शुगर सहसा खूप खाली नेत नाही. ग्लिमेपिराईडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, आणि समोर जेवण आलंय की नाही हे बघून थांबत नाही. डॉक्टरांनी तो डोस ठरवला तेव्हा रात्री ताटात भाकरी होती. ती ताटातून गेली आणि डोस तसाच राहिला. रिकाम्या पोटावर ते औषध रात्रभर काम करत राहिलं. यांच्या वयात मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं असलं तर असं औषध शरीरात रेंगाळतं आणि धोका वाढतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी झाली, हेही डॉक्टरांना विचारा.

आता ‘यंत्र खरं की खोटं’. तुमच्या दोन रात्री सारख्या नाहीत, ताई. माझ्या मते पहिली रात्र दंडाची होती आणि दुसरी गोळीची.

पहिल्या रात्री यांना काही त्रास नव्हता आणि बोटाचं ९२ आलं. हे डाव्या कुशीवर झोपतात का, ते आठवून बघा. सेन्सरचा दंड अंगाखाली दाबला गेला की तिथल्या पेशींभोवतीचा द्रव पिळला जातो, तिथं नवी साखर नीट पोचत नाही आणि यंत्राला वाटतं, शुगर घसरली. कूस बदलली की थोड्या वेळात आकडा आपसूक वर येतो. मोबाइलवरच्या आलेखात असा खड्डा लगेच ओळखू येतो: सरळ रेष, मग विहिरीसारखी उभी घसरण, मग तेवढीच उभी चढण. शिवाय सेन्सर लावल्यावर पहिले २४ तास आकडे जरा बेभरवशाचे असतात, कारण सुई टोचल्याची लहानशी जखम तिथं निवत असते. पहिल्या रात्री या दोन्ही गोष्टी जमून आल्या असाव्यात.

नवव्या रात्रीचा आलेख मुलाला उघडून बघायला सांगा. तिथं रेष रात्री अकरा-बारापासून हळूहळू उतरत आलेली दिसेल, असा माझा अंदाज आहे. गोळीनं आणलेली शुगर अशी उतरते. आणि आलेख काहीही दाखवो, घाम आणि थरथर ही शरीराची साक्ष आहे. माणूस घामानं भिजलाय आणि यंत्र खाली दाखवतंय, तेव्हा वाद घालत बसायचं नसतं. तुम्ही तो घातला नाहीत, उठून सरबत केलंत. फार बरं केलंत.

मग सरबत देऊनही आकडा का हलला नाही? सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. त्याचं केसासारखं बारीक टोक, जेमतेम ५ मिलिमीटर, कातडीखाली पेशींभोवतीच्या द्रवात असतं. त्या टोकावर एक एन्झाइम असतं. द्रवातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो, आणि त्यावरून यंत्र आकडा काढतं. साखर आधी रक्तात येते, मग तिथून पाझरून या द्रवात येते. तुमच्याकडे पाटाला पाणी सोडलं की शेवटच्या वाफ्यात ते लगेच दिसतं का? तसंच. एरवी हे अंतर पाच-दहा मिनिटांचं असतं, पण शुगर वेगानं चढत किंवा उतरत असली की ते जास्त जाणवतं. तुम्ही सरबत दिलंत तेव्हा रक्तात साखर पोचायला लागली असणार, यंत्राला मात्र जुनाच वाफा दिसत होता. तुम्ही घाबरलात आणि लाडू दिलेत. ते २४३ मध्ये दिसले. शिवाय शुगर खाली गेली की शरीर स्वतःच धावून येतं. ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन असे हार्मोन्स यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतात. तीही त्यात मिसळली.

म्हणजे मुलानं सकाळी ज्या २४३ वरून वडिलांना ओरडून घेतलं, ते यांच्या जिभेच्या लाडांमुळे आलं नव्हतं. रात्रीच्या धोक्यातून बाहेर येताना आलं होतं. हे वाक्य मुलाला जसंच्या तसं वाचून दाखवा.

पुन्हा कधी असं झालं तर काय करायचं, ते स्वयंपाकघराच्या दारामागे कागदावर लिहून लावा. बोटाचा आकडा ७० च्या खाली किंवा घाम, थरथर, भलतंच बोलणं, छातीत धडधड असेल तर सपाट तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. ती साधारण १५ ग्रॅम होते. ग्लुकोजची पावडर असली तर तेवढीच ती. लाडू, पेढा, चॉकलेट नको, कारण तूप आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मग १५ मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. नंतर बोट टोचून बघायचं, दंडाकडे बघायचं नाही. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तीन चमचे. वर आलं की अर्धी भाकरी किंवा पेलाभर दूध द्यायचं, कारण गोळीचा असर संपलेला नसतो आणि दोन तासांनी शुगर परत उतरू शकते. त्यामुळे तुमचं दूध चुकलं नव्हतं, लाडू जास्त झाले एवढंच. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. अशा वेळी साखर भरवायला जाऊन ठसका लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

यंत्रावरच्या विश्वासाचं आणखी थोडं बोलून पुढं जाते. बोटाचं २१० आणि सेन्सरचं १९० असलं तर भांडण नाही. घरातल्या ग्लुकोमीटरलाही प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्के इकडंतिकडं चालतं, तसा आंतरराष्ट्रीय निकषच आहे. सेन्सरचा एकेक आकडा फार मनावर घ्यायचा नसतो, त्याची दिशा बघायची असते. मोबाइलवर आकड्याशेजारचा बाण वर आहे की खाली, रोज त्याच वेळी तसंच होतं का. पण आकडा आणि माणूस जुळत नसतील, म्हणजे आकडा खाली आहे पण माणसाला काहीच त्रास नाही, तर आधी बोट. कॅप्सूलमधून किंवा चोखायच्या गोळ्यांतून जीवनसत्त्व क भरपूर चालू असेल तर काही सेन्सर उगाच जास्त दाखवतात, तेही लक्षात ठेवा.

आता पोह्यांकडे येते. हा प्रश्न मला फार आवडला, कारण सेन्सरचा खरा उपयोग इथं आहे.

पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळ. चहात साखर नसली तरी ताटलीत ती आहेच, फक्त गोड लागत नाही. त्यात सकाळची वेळ. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीत कॉर्टिसॉलसारखे हार्मोन्स सोडतं, यकृत साखर बाहेर काढतं आणि इन्शुलिनला कुणी जुमानत नाही. पुष्कळ लोकांत तोच पदार्थ सकाळी जास्त चढतो आणि दुपारी कमी. यांचं तसंच आहे का, हे तुम्हाला तीन दिवसांत कळू शकतं. कुठल्या तक्त्यातून कळणार नाही, यांच्याच दंडावरून कळेल.

उरलेले तीन दिवस असे वापरा. पहिल्या दिवशी नेहमीचे पोहे, नेहमीएवढेच, काही न बदलता. दीड-दोन तासांनी आकडा कुठवर गेला ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तेच पोहे तेवढेच, पण आधी वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसासारखेच पूर्ण पोहे, पण खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचं. एका वेळी एकच बदल. भाजी-उसळ आधी आणि भात-पोळी नंतर, एवढ्यानंही चढण कमी होते, आणि जेवणानंतर चालताना स्नायू साखर ओढून घेतात. पण यांच्या बाबतीत कशानं जास्त फरक पडतो हे त्यांनी स्वतः शोधलं, तर ते पुढं दहा वर्षं टिकेल. तुम्ही किंवा मी सांगितलेलं टिकत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुरतं शिकले आहे. आणि वही यांच्याच हातात द्या. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला नोंद ठेवायला शिकवावं लागणार नाही.

मी स्वतः एकदा सेन्सर लावून बघितला होता, मला शुगर नसताना. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि १५० च्या वर गेलं. सांगायचं कारण असं की जेवणानंतर साखर चढते ती सगळ्यांचीच. पुरणपोळीनंतर २३८ हे १४ वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचं सणाच्या दिवसाचं शरीर आहे. ते चांगलं नाही, पण त्यात पंगतीत हाक मारून सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

इथं मला तुमच्या मुलाशी बोलायचं आहे. हा भाग त्याला पाठवा.

बाळा, तू पदरचे पैसे घालून वडिलांसाठी हे आणलंस, त्यामागचं प्रेम मला दिसतं. पण जे झालं ते सलग लावून बघ. तू पंगतीत आकडा मोठ्यानं सांगितलास. वडिलांना लाज वाटली, त्यांनी रात्रीचं जेवण तोडलं. जेवण तुटलं पण गोळी चालू राहिली, म्हणून पहाटे शुगर धोक्याच्या पातळीला गेली. आईनं घाबरून जास्त गोड दिलं, म्हणून सकाळी शुगर चढली, आणि त्या चढलेल्या शुगरवर तू पुन्हा ओरडलास. वडील आता काय करतील? आणखी कमी जेवतील. पुन्हा तीच पहाट.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. माझ्या वडिलांना शुगर होती तेव्हा मीही हेच केलं. ग्लुकोमीटर आणून दिला, वही आखून दिली, आणि रोज संध्याकाळी फोनवर आकडा विचारायचा. १६० आला की माझा आवाज बदलायचा. त्यांच्यामागे ती वही मी नीट पाहिली. शेवटच्या वर्षातले सगळे आकडे १३० ते १४० मधले होते, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. माझ्या आवाजाच्या भीतीनं ते खोटे आकडे लिहीत होते, आणि खऱ्या शुगरचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तुझे वडील वहीत खोटं लिहू शकत नाहीत, कारण आकडा दंडावरून थेट तुझ्याकडे येतो. म्हणून ते सेन्सरच ओढून काढायला निघाले आहेत.

तेव्हा आज तू तुझ्या मोबाइलवर एवढं कर. वरच्या आकड्याचा अलार्म बंद कर, खालच्याचा चालू ठेव. ७० च्या खाली गेलं तर तुला कळायलाच हवं, कारण तेव्हा आईला मदत लागेल. बाकी दिवसभर ते ॲप उघडू नकोस. रविवारी वडिलांना फोन कर आणि त्यांनाच विचार, ‘बाबा, या आठवड्यात काय दिसलं?’ त्यांनी सांगितलं तर ऐक. नाही सांगितलं तर पावसापाण्याचं बोल. आणि गौरीच्या दिवसाबद्दल त्यांची माफी माग, फोनवर नको, दसऱ्याला घरी येशील तेव्हा.

आणि हे सगळं खाण्यामुळेच झालं, असं तुझ्या मनात असेल तर तेही काढून टाक. तुझे वडील काटकुळे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिलं आहे की आपल्याकडची माणसं बाहेरून बारीक दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि याची मुळं पार आईच्या पोटातल्या वाढीपर्यंत जातात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजानं देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शेजारच्या गोव्यात तर प्रौढांतलं प्रमाण २६.४ टक्के निघालं. हे सगळे हावरट असतील का?

ताई, आता अहवालाकडे. ५२ टक्के बघून तुम्ही खचला असाल. शाळेतल्या मार्कांसारखं वाचू नका ते.

७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ गेला, ते ही टक्केवारी सांगते. ५२ टक्के म्हणजे साधारण साडेबारा तास. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांच्या वर असावं असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१९ मध्ये ठरवलं. पण त्याच गटानं वय झालेल्या आणि शुगर खाली गेल्यास जास्त धोका असलेल्या लोकांसाठी ५० टक्क्यांच्या वर पुरे म्हटलंय. यांना हृदयाचा त्रास आहे का, एकटे फिरतात का, शुगर खाली जाताना यांना वेळेवर कळतं का, हे बघून कुठलं लक्ष्य धरायचं ते डॉक्टर ठरवतील.

मला त्या ५२ ची काळजी नाही. काळजी ७० च्या खालच्या ५ टक्क्यांची आहे. दिसायला किती छोटा आकडा! पण दिवसाचे ५ टक्के म्हणजे ७२ मिनिटं. सर्वसाधारण प्रौढांसाठी हे ४ टक्क्यांच्या आत हवं, आणि नाजूक किंवा वयस्कर माणसांसाठी १ टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला फार तर पंधरा मिनिटं. यातले काही टक्के कुशीवर झोपल्यामुळे आलेले खोटे असतील, ते डॉक्टर आलेख बघून वजा करतील. जे खरे आहेत ते आधी पुसायचे, वरच्या आकड्यांचं नंतर बघता येतं. वर गेलेली शुगर वर्षानुवर्षांत नुकसान करते. खाली गेलेली एका पहाटेत माणूस पाडते, खुब्याचं हाड मोडते.

आणि सेन्सरचे पैसे वाया गेले असं अजिबात म्हणू नका. तीन महिन्यांची सरासरी ८.१ म्हणजे रोजची शुगर सरासरी १८५ च्या आसपास. ती सरासरी बघून यांची पहाट कुणाला दिसली नसती. ५८ आणि २४३ यांची सरासरी १५० येते आणि कागदावर छान दिसते. उलट ८.१ आहे म्हणून कुणी डोस वाढवलाही असता. ते टळलं, ही या यंत्राची कमाई आहे.

मग पुढचा घ्यायचा का? लगेच नको. डॉक्टर औषध बदलतील, त्यानंतर तीन-चार आठवडे जाऊ द्या. जेवण, गोळी, झोप यांची घडी बसली की एक सेन्सर लावा, नवीन औषधावर पहाट कशी जाते ते बघायला. त्यानंतर औषध बदललं, आजारपण आलं किंवा सरासरी अचानक बिघडली तर पुन्हा एखादा. जे दिवसातून तीन-चार वेळा इन्शुलिन घेतात, लहान मुलं ज्यांना टाइप १ आहे, ज्यांना शुगर खाली गेलेली कळतच नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना सेन्सर कायम लागतो आणि तो परवडावा यासाठी सरकारनं, विमा कंपन्यांनी काहीतरी करायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण यांच्यासारख्या गोळीवरच्या माणसानं बारा महिने लावायचा म्हटलं तर वर्षाला २६ सेन्सर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. निवृत्त माणसाच्या घरात हा खर्च मी सुचवणार नाही.

तुमचा जुना ग्लुकोमीटर काढा, पट्ट्यांच्या डबीवरची तारीख तपासा. डॉक्टर औषध ठरवेपर्यंत रोज रात्री झोपताना एकदा बघा. झोपताना १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपायचं. पुढं घडी बसल्यावर आठवड्यातून दोन दिवस, उपाशीपोटी एकदा आणि एका जेवणानंतर दोन तासांनी एकदा, एवढं पुरेल. पुढच्या सेन्सरच्या पैशातून आधी मिरजेला जाऊन यांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे प्रथिनाची, करून घ्या. पायांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. १४ वर्षं झाली आहेत आणि तुमच्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही. राहून गेल्या असतील तर या वर्षीचा सगळ्यात मोलाचा खर्च तो आहे.

घड्याळाबद्दल: नाही. पुतण्याला सांगा, अजिबात नको. कातडीला न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावून सांगितलं. दोन-तीन हजारांत मिळणारी ती घड्याळं शुगरच्या नावाखाली काहीतरी आकडा दाखवतात. दंडावरच्या सेन्सरचा आकडा घड्याळावर बघता येतो, ते वेगळं. तिथं मोजतो तो दंडच. ग्लिमेपिराईड घेणाऱ्या माणसाला पहाटे तीनला त्या खोट्या घड्याळानं ११० दाखवलं, तर तुम्ही कूस बदलून झोपाल. त्या झोपेची मला भीती वाटते.

राहता राहिले हे, आणि त्यांचं न बोलणं. यांना तुम्ही एवढंच सांगा की त्या पहाटे तुमची चूक नव्हती, गोळी आणि जेवण जुळलं नव्हतं, असं ताईंनी लिहिलंय. पत्र त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही आत जा. तीन दिवसांचा पोह्यांचा प्रयोग करायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्या. दंड त्यांचा आहे. नाही म्हणाले तर दिवसा आग्रह करू नका, फक्त डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रात्रीपुरता सेन्सर राहू द्या म्हणा, तुम्हाला झोप लागावी म्हणून. बायकोच्या झोपेसाठी ते तयार होतील असं वाटतं.

झोपताना उजव्या कुशीवर झोपायला सांगा. पुढच्या वेळी दिवाळीच्या आसपास लावायचा झाला तर अभ्यंगस्नानानंतर लावा, अंगाला तेल असताना तो धरत नाही. एमआरआय किंवा सीटी स्कॅन करायचं ठरलं तर काही सेन्सर आधी काढावे लागतात, तेव्हा नवा लावण्याआधी अशा तारखा बघा. आणि तीन दिवसांनी काढताना यांना रागानं ओढू देऊ नका, म्हातारी कातडी सोलते. कडेकडेनं खोबरेल तेल बोटानं जिरवा, पाच मिनिटं थांबा, मग एका बाजूनं हळू उचला. लावायच्या उपकरणात सुई असते. ते अजून घरात पडलं असेल तर कचऱ्यात टाकू नका, झाकणाच्या डब्यात घालून दवाखान्यात द्या.